बाकीचे दिवस

आमच्या ऑफिसातले मामा नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी रिटायर झाले. मामा म्हणजे आमच्या खात्यातले गेज रीडर. नदीकाठची मोजपट्टी आणि आवारातला पर्जन्यमापक, दोन्हींची नोंद ठेवणारा माणूस. हॉल दुसऱ्या कुठल्या तरी बैठकीला गेला होता, म्हणून रेकॉर्ड रूमच्या बाहेर पॅसेजमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. जुन्या फायलींचा वास, त्यात समोशांचा वास, आणि पंखा लावला की समई विझते म्हणून पंखा बंद. भाषणं सुरू झाली. पहिल्याने सांगितली ती एका पुराच्या रात्रीची गोष्ट. वीज गेलेली, फोनच्या तारा तुटलेल्या, आणि मामा टॉर्च घेऊन चिखलातून मोजपट्टीपर्यंत गेले, पाणी बघितलं, कुणाची तरी मोटरसायकल मिळवून खालच्या वाड्यावर खबर दिली. वाडा वेळेत रिकामा झाला. दुसऱ्यानेही तीच रात्र सांगितली. साहेब आमच्याकडे येऊन चारच महिने झालेत, त्यांनीही तीच रात्र सांगितली, वर पाणी दोन फूट वाढवून. मामा शाल सावरत हसत होते. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर बेसिनपाशी हात धुताना ते माझ्या शेजारी आले, नळ चालूच ठेवला आणि आरशाकडे बघत हळूच कोकणीत म्हणाले, "हांव दर दिसा येतालों गो."

रोज येत होतो मी.

बस, एवढंच. मग रुमालाला हात पुसून ते पुन्हा फोटो काढून घ्यायला गेले. पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना. चौतीस वर्षं सकाळी साडेआठला तो माणूस काचेची नळी डोळ्यांसमोर धरून मिलिमीटर वाचत होता, आणि निघताना त्याच्या हातात ठेवली काय, तर एक रात्र. चांगलीच रात्र होती, खोटी नव्हती. तरी कुठेतरी आपण त्याला कमी पैसे मोजले असं वाटत राहिलं. आणि कदंबाच्या सरकारी बसमध्ये खिडकीशी बसून हे सगळं घोळवत असताना, का कोण जाणे, मला कोरो आठवला.

कोरो, म्हणजे फेर्रान कोरोमिनास, एफसी गोवाकडून खेळलेला स्पॅनिश फुटबॉलपटू. गोव्यात हे नाव सांगितल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत लागत नव्हतं. पण त्याच्या स्वतःच्या मुलखात, बार्सिलोनात, त्याचं काय झालंय ते मला उशिरा कळलं. तिथेही त्याला एक रात्रच बांधलेली आहे. रात्र कसली, एक मिनिट.

१३ मे २००६. स्पॅनिश लीगचा शेवटचा दिवस. कोरोचा क्लब एस्पान्योल मोंजुईकच्या टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये रेआल सोसिएदादशी खेळत होता आणि नव्वद मिनिटं संपत आली तरी शून्य-शून्य. जिंकलं नाही तर खालच्या श्रेणीत. महिन्याभरापूर्वीच, १२ एप्रिलला, ह्याच संघाने माद्रिदच्या बेर्नाबेऊवर सारागोसाला ४-१ हरवून कोपा देल रेय जिंकला होता, त्यात एक गोल कोरोचाच. म्हणजे एप्रिलमध्ये खांद्यावर राजाचा चषक आणि मेमध्ये पायाखालची जमीन सरकलेली. एस्पान्योलच्या लोकांना तिकडे ‘पेरिको’ म्हणतात, म्हणजे पोपट. त्या दिवशी त्यांचा पोपट व्हायला अगदी दोन-तीन मिनिटं उरली होती. ९१व्या मिनिटाला कोरोने गोल केला. एस्पान्योल राहिला, अलावेस गेला. तोच अलावेस, जो पाचच वर्षांपूर्वी यूएफा कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूलशी ४-५ असा लढून हरला होता. त्या गोलला तिकडे वेगळं नाव द्यावं लागत नाही. ‘कोरोचा गोल’ म्हटलं की पुरतं. त्याने दुसरे गोल केलेच नाहीत जणू.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. तेवीस! मी तेविसाव्या वर्षी टायपिंगची परीक्षा देत होते. त्या वयात माणसाच्या आयुष्यावर असा शिक्का बसला तर पुढचं सगळं त्या शिक्क्याखालीच मोजलं जाणार. पुढच्याच वर्षी एस्पान्योल यूएफा कपच्या फायनलला गेला, सेमीफायनलच्या दोन्ही सामन्यांत वेर्डर ब्रेमनवर कोरोने गोल केले, ग्लासगोतल्या फायनलमध्ये संघ सेविल्याकडून पेनल्टीवर हरला. अख्ख्या स्पर्धेत एकही सामना न हरता कप गेला, हेही दुःख काही लहान नाही. पण विचारा कुणाही पेरिकोला कोरोबद्दल. तो मोंजुईकच्या टेकडीवर चढेल आणि ९१व्या मिनिटापाशी जाऊन बसेल.

आता कबुली. मला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. २००६ मध्ये आमच्या घरी युरोपातला फुटबॉल म्हणजे वर्ल्ड कप, आणि तोही बाबा अर्धवट जागे असताना. बाबांचा फुटबॉल वेगळा होता. त्यांचा जीव गोव्याच्या जुन्या साळगावकर क्लबमध्ये, आणि भांडण डेंपोवाल्या शेजाऱ्यांशी. डेंपोने पाचदा राष्ट्रीय लीग जिंकली, हे ते आजही एखाद्या घरगुती अपमानासारखं सांगतात. मग २०१६ मध्ये साळगावकर, डेंपो आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. बाबांनी त्या दिवशी पेपर घडी करून ठेवला तो पुन्हा उघडला नाही. आमच्याकडे कुणी वारलं की असंच होतं, पेपर दुपारपर्यंत तसाच पडलेला असतो. एफसी गोवा, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) गोव्याचा क्लब, हे नाव ते घ्यायचेच नाहीत. "तो विराट कोहलीचा क्लब" म्हणायचे. २०१७ ला त्यांनी स्पेनहून लोबेरा नावाचा कोच आणला आणि त्याच्यामागोमाग पाच-सहा स्पॅनिश खेळाडू आले. त्यात हा कोरो, चौतीस वर्षांचा, आधीचं वर्ष सायप्रसमध्ये काढून आलेला. बाबा म्हणाले, "तिकडे पेन्शन नसेल. म्हणून इकडे."

मी हसले होते. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्यांदा गेलो ते माझ्या हट्टाने, आणि खरं तर ऑफिसात कुणीतरी दोन तिकिटं दिली म्हणून. ३० नोव्हेंबर २०१७, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, समोर बेंगळुरू. फोंड्याहून स्कूटर, मागे बाबा, डोक्याला माकडटोपी, बोरीच्या पुलावर जुवारीचा गार वारा तोंडावर. स्टेडियमच्या बाहेर रस ऑम्लेटचे गाडे, गरम रश्श्याचा वास, पोरांच्या गालांवर नारिंगी रंग. आत गेल्यावर बाबा पहिली दहा मिनिटं फक्त स्टँडकडे बघत होते. कुठली खुर्ची मोडली आहे, पूर्वी कुठे कोण बसायचं. मग खेळ सुरू झाला आणि काय सांगू. कोरोने दोन गोल केले, मग बेंगळुरूचा गोलकीपर गुरप्रीत लाल कार्ड घेऊन गेला, आमच्या लान्झारोटेने पेनल्टी मारली. ३-१, समोर दहा माणसं. आम्ही निवांत शेंगदाणे सोलायला घेतले. दुसऱ्या हाफमध्ये त्या दहा माणसांनी तीन मिनिटांत दोन गोल घातले. ३-३. आख्खं फातोर्डा गप्प. मला आठवतं, माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा हातातली शेंग तशीच धरून बसला होता, फोडली होती पण तोंडात टाकली नव्हती. आणखी तीनच मिनिटांनी कोरोने तिसरा गोल केला. ४-३. म्हाताऱ्याच्या शेंगेचं पुढे काय झालं ते बघायचं राहिलं.

बाबा परतताना बोरीच्या पुलापर्यंत काही बोलले नाहीत. पूल संपल्यावर मागून कानाशी म्हणाले, "पुढचा कधी आहे?"

पुढचा ९ डिसेंबरला, केरळा ब्लास्टर्सशी. हाफ टाइमला २-२. दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा मी चहा आणायला गेले होते. मधली रांग मोठी होती. ४८व्या मिनिटाला एकदा आवाज झाला, मी सुट्टे पैसे शोधत होते; ५१व्याला पुन्हा झाला, तेव्हा चहा हातात आलेला; ५५व्याला तिसरा, आणि मी पायऱ्यांवर, दोन्ही हातांत कागदी कप, बोटं भाजलेली, समोर उभ्या माणसांच्या पाठी. सात मिनिटांत हॅटट्रिक, आणि मी तिन्ही गोल फक्त ऐकले. बाबांनी ते मला आयुष्यभर ऐकवलंय. "चहा कसा होता?" एवढंच विचारतात.

पण मला सांगायचंय ते त्या सात मिनिटांबद्दल नाही. तसं केलं तर मीही मामांच्या निरोप समारंभातल्या साहेबांसारखीच. कोरो खरा दिसला तो तिसऱ्या की चौथ्या सामन्यात, आणि दाखवला बाबांनी. मी सगळ्यांसारखी चेंडूबरोबर मान फिरवत होते. बाबा म्हणाले, "चेंडू सोड. त्याला बघ. दहा मिनिटं फक्त त्याला." बघितलं. आणि पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हा माणूस काहीच करत नाही. उंची बेताची, अंगाने काही पैलवान नव्हे, डिफेंडरच्या पाठीमागच्या खांद्याशी उभा. दोन पावलं चेंडूकडे, दोन पावलं उलट. चेंडू उजवीकडे चाललाय आणि हा डावीकडे बघतोय. फोंड्याच्या स्टँडवर रोज अप-डाऊन करणारी माणसं असतात ना, बस आत वळतानाच त्यांना कळतं की दार कुठे येऊन थांबणार आहे. सगळी गर्दी बसमागे धावते, आणि हा माणूस गर्दीच्या उलट चार पावलं जाऊन शांत उभा राहतो; बस थांबते ती बरोबर त्याच्यासमोर. कोरो तसा होता. डावीकडून मंदार राव देसाई पळत आला, चेंडू आत लोटला, डिफेंडर चेंडूकडे वळला, आणि डिफेंडर जिथून वळला त्या रिकाम्या जागेत कोरो आधीच पोहोचलेला. बूट लावला, गोल. बघणाऱ्याला वाटावं, ह्यात काय, मीही केला असता. त्याचे कितीतरी गोल असे होते, पाच-सात यार्डांवरून, साधे, ताटात वाढून ठेवलेले. ते ताट मांडायला त्याने आधी अर्धा तास चालत कुठली भांडी कुठे सरकवली, ते टीव्हीवर दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा बसमागे धावणाऱ्यांपैकी.

मग बाबांची आणि माझी ती सवयच झाली. मी चेंडू बघायचा, त्यांनी कोरो, मध्येच बदलायचं. ज्या सामन्यांत त्याला गोल मिळाला नाही ते सामनेही आम्हाला असे पाठ आहेत. तो येतो, उभा राहतो, सरकतो, चेंडू येत नाही, तो परत फिरतो, पुन्हा सरकतो. बाबा म्हणायचे, "आज बस आलीच नाही बघ." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा स्टँडवर.

तीन हंगामांत १८, १६ आणि १४. बेरीज ४८, सामने ५७. पहिल्या दोन हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. भारत सोडला तेव्हा आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल त्याचे होते, पुढे ओगबेचे आणि छेत्री पुढे निघून गेले. निघणारच. पण हे आकडे लिहिताना मला ते मस्टरवरच्या सह्यांसारखे दिसतात. एकेक सही बघितली तर फिरवाफिरवीची शाई, पान उलटत गेलं की वर्ष.

मधल्या काळाबद्दल, म्हणजे एस्पान्योल सुटल्यापासून गोव्याला येईपर्यंत, मी फार सांगणार नाही. ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का, शेवटी सायप्रस. बदल्यांच्या ऑर्डरी वाचल्यासारखं वाटतं. त्यातलं एल्चेचं मात्र डोक्यात राहिलं. २०१३ ला तो संघ वर आला, कोरो त्यात होता. २०१५ ला लीगमध्ये १३वा नंबर काढला, म्हणजे मैदानावर पास, आणि तरी देण्याघेण्याच्या थकबाकीपायी त्यांना खाली ढकललं. तेरावा नंबर काढून नापास. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला ह्यात नवल वाटलं नाही.

त्या मधल्या काळाच्या आधी आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा लक्षात आली. कोरोचा जन्म ५ जानेवारी १९८३ चा, जिरोनाजवळच्या विलोबी द'ओन्यार गावातला. आता तिथलं विमानतळ त्याच गावाच्या हद्दीत आहे. एस्पान्योलचा दानी हार्के त्याच्यापेक्षा चारच दिवसांनी मोठा, १ जानेवारी १९८३. दोघे एकाच संघात. ऑगस्ट २००९ मध्ये हंगामाआधीच्या सरावासाठी संघ इटलीत गेला असताना हार्के हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने गेला. सव्वीस वर्षांचा. महिन्याभरापूर्वीच त्याला कॅप्टन केलं होतं. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप फायनलच्या ११६व्या मिनिटाला इनिएस्टाने गोल करून शर्ट वर केला तेव्हा आतल्या बनियनवर हार्केचं नाव होतं. ते सगळ्या जगाने पाहिलं, आमच्या घरातही, रात्री दोनच्या पुढे, आवाज बंद करून, बाबा झोपले होते म्हणून. नाव कुणाचं ते मात्र मला माहीत नव्हतं. एस्पान्योलच्या मैदानावर अजूनही प्रत्येक सामन्याच्या २१व्या मिनिटाला लोक उठून टाळ्या वाजवतात, त्याचा नंबर २१ होता म्हणून. म्हणजे एकाच संघातली, चार दिवसांच्या अंतराने जन्मलेली दोन मुलं, आणि दोघांच्या वाट्याला त्या गावाने एकेक मिनिट लिहून ठेवलं. एकाला २१वं, एकाला ९१वं. हार्केला बाकीचे दिवस मिळालेच नाहीत. कोरोला मिळाले, आणि ते कुठे गेले तर सायप्रस, फातोर्डा. हे मनात आल्यापासून ‘तिकडे पेन्शन नसेल’ हे वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, बाबांची नाही, ते तर तेव्हाही गमतीतच बोलले असतील.

आमचीही एक रात्र आहे, नाही असं नाही. १७ मार्च २०१९, मुंबई, फायनल, पुन्हा बेंगळुरू. आम्ही ती घरी टीव्हीवर बघितली, आत्या आणि तिची नातवंडं धरून अकरा माणसं. नव्वद मिनिटं शून्य, जादा वेळेतही जवळजवळ शून्य, मध्येच आमचा जाहूह बाहेर गेला, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं डोकं लागलं. पोरगा मुंबईचा, आडनाव आपलं, मैदानही त्याच्याच शहरातलं. आत्या नकळत म्हणून गेली, "आपलाच आहे ना हा?" बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती उठून फुलके लाटायला गेली. त्याला चार आठवडेही झाले नव्हते आणि भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली, चेन्नईयनवर २-१, एक गोल कोरोचा आणि दुसरा ब्रँडन फर्नांडिसचा. क्लबचा पहिला मोठा चषक. तरी आमच्याकडे मुंबईचीच रात्र जास्त बोलली जाते. हरलेली रात्र अंगावर जास्त दिवस राहते, हळदीच्या डागासारखी. धुवाल तितकी पिवळी.

आणि मग २०२०. जानेवारीच्या शेवटी संघ टेबलात वर असताना लोबेराला घालवलं; कारणं वाचली, पटली नाहीत. आमचा क्लिफर्ड मिरांडा हंगामापुरता कोच झाला. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत पहिलं आल्याची लीग शील्ड आली, आणि त्याबरोबर एशियन चँपियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब हा मान. मग सेमीफायनल. चेन्नईत १-४ ने मार खाऊन आलो होतो. ७ मार्चला फातोर्डाला ४-२ जिंकलो आणि एका गोलाने बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना बाबांचा गुडघा दुखत होता, मी त्यांचा हात धरला होता, कुणीतरी मागून ढोल बडवतच होता. ह्यापुढे दोन-अडीच वर्षं आम्ही त्या पायऱ्या चढणार नाही, हे त्या गर्दीत कुणाला ठाऊक असणार. आठवड्याने, १४ मार्चला, फायनल त्याच मैदानात झाली, एटीके आणि चेन्नईयनची, रिकाम्या स्टँडसमोर. पुढचा अख्खा हंगाम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तोही बिनप्रेक्षकांचा. एका संध्याकाळी कामानिमित्त मडगावला गेले होते तर दुरून दिव्यांचे खांब पेटलेले दिसले. स्कूटर कडेला लावून उभी राहिले. आतून फक्त खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या, आणि चेंडूचा आवाज. चेंडूला एवढा आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.

तोवर कोरो गेला होता. त्याच्या जागी आलेल्या इगोर अँगुलोने त्या हंगामात गोल्डन बूट घेतला, तोही स्पॅनिशच, आम्ही टीव्हीवर टाळ्या वाजवल्या. कोरो मायोर्का बेटावरच्या अॅटलेटिको बालेआरेसकडून थोडा खेळला आणि मग बूट खुंटीला टांगले. म्हणजे आम्हाला त्याला निरोपच देता आला नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, समोसे नाहीत. पूर्वी मला ह्याची खंत वाटायची. मामांच्या कार्यक्रमानंतर मात्र वाटायला लागलं की दिला असता तर काय केलं असतं आम्ही? माइक हातात मिळाला असता तर मी काय बोलले असते? सात मिनिटं. केरळा. हॅटट्रिक. जी मी बघितलीसुद्धा नव्हती. आणि तो बिचारा हसत उभा राहिला असता, खांद्यावरचा गमछा सावरत.

जानेवारीत मामांच्या पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती. पोस्टाने पाठवता आली असती, पण मीच म्हटलं नेऊन देते. रविवारी सकाळी गेले. घर कुळागराच्या कडेला, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, त्यांचा तो किंचित आंबट वास. मामींनी चहा टाकला. मामा सही करून झाल्यावर आत गेले आणि शाळेच्या वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आले, सुतळीने बांधलेला. ऑफिसचं रजिस्टर ऑफिसात, पण त्यांनी आपली एक प्रत घरी ठेवली होती, पहिल्या दिवसापासून. मी साहजिकच विचारलं, ती रात्र कुठल्या वहीत? त्यांनी वही काढली, पान दाखवलं, आकडा मोठा होता, पण अक्षर नेहमीचंच. दोन सेकंदांत पान उलटलं. मग दुसरी वही उघडली आणि एका फेब्रुवारीवर बोट ठेवलं. पानभर शून्य, दशांश चिन्ह, शून्य, ओळीने, आणि मध्येच एका दिवशी २.४. "काजूचा मोहोर गेला त्या वर्षी," म्हणाले. "सकाळी वास आला होता मातीचा. मी इथून निघतानाच ओळखलं, आज नळीत काहीतरी असणार." आणि मग त्या २.४ बद्दल ते बराच वेळ बोलत राहिले. कुणाच्या बागा, कुणी किती रडलं, बाजारात बियांचा भाव.

मी त्यांना कोरोबद्दल सांगायला गेले, पण त्यांना फुटबॉलचं काही नाही. नाटकवाले आहेत ते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "चौतीस वर्षं खेळला?" म्हटलं, नाही, चौतिसाव्या वर्षी आला. "मग ठीक," म्हणाले. नक्की काय ठीक ते मी विचारलं नाही.

मामी चहा घेऊन आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेआठला दोन मिनिटं होती. मामा बोलता बोलता उठले. मागच्या दाराने न्हाणीघराच्या पलीकडे गेले. तिथे, सावली पडणार नाही अशा जागी, त्यांनी प्लास्टिकचं नरसाळं आणि एक बरणी बसवली होती, वाळूच्या पोत्यांमध्ये घट्ट. जानेवारी महिना, आभाळ लख्ख निळं. मी दारातून बघत होते. त्यांनी वाकून नरसाळं काढलं, बरणी उचलली, डोळ्यांच्या रेषेत धरली आणि नीट, पुरता वेळ घेऊन बघितली. मग परत जागेवर ठेवली, आत आले, नव्या वहीत लिहिलं, खाली सही केली.

"साखर किती घालू गो?" त्यांनी विचारलं.